आजीच्या वयाची मंडळी

परवा रात्री दादाच्या धाकटीचा निरोप आला आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही. "आत्या, गाणी भारी आहेत, पण ही सगळी मंडळी आजीच्या वयाची आहेत," एवढेच तिने लिहिले होते आणि पुढे हसणारी चिन्हे टाकली होती. गॉथिक रॉकमध्ये, म्हणजे रॉक संगीताच्या त्या उदास, काळोख्या शाखेत, अलीकडे आलेले काय ऐकावे, असे तिनेच विचारले होते. मी जेवणाची ताटे तशीच ठेवून यादी करायला बसले, प्रत्येक अल्बममधले एकेकच गाणे निवडले, कोणते हेडफोन लावून ऐकावे आणि कोणते बसमध्ये ऐकले तरी चालेल, हेसुद्धा लिहिले. त्या सगळ्या खटाटोपाला आलेले उत्तर हे असे. त्यात रागावण्यासारखे काही नाही, हे मला समजते. तिने चेष्टा केली, आणि चेष्टा करण्याइतकी ती माझ्याशी मोकळी आहे, याचा खरे तर आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

काल मी चक्क हिशेब मांडला. आई १९५४ ची. माझ्या यादीतल्या द क्युअर या इंग्लिश बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ १९५९ चा आणि बाउहाउस बँडचा गायक पीटर मर्फी १९५७ चा. म्हणजे मुलीचे म्हणणे फारसे चुकलेले नाही. फरक एवढाच, की दिवेलागणीला आई देवापुढे निरांजन लावते आणि स्मिथ त्या सुमारास डोळ्यांत काजळ घालून कार्यक्रमाच्या तयारीला लागतो.

यादीत पहिला होता द क्युअरचाच 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. आधीचा अल्बम २००८ चा. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ नोव्हेंबर २०२४ ला हा आला. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते, म्हणजे आश्विनातली अमावास्या, आणि अशा संगीताला याहून चांगला मुहूर्त कोणी पंचांग घेऊन बसले असते तरी काढता आला नसता. त्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी सभागृहात त्यांनी नव्या अल्बमची आठही गाणी वाजवली आणि तो कार्यक्रम जगभर थेट दाखवला गेला. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. बाहेर कोणाचे तरी उरलेले फटाके वाजत होते आणि मी आवाज कमी करून, पाय पोटाशी घेऊन पाहत होते. धाकटीला मी त्यातले 'अलोन' सुचवले. त्यात तीन मिनिटांहून अधिक काळ नुसती वाद्ये वाजतात आणि मग कुठे स्मिथचा आवाज येतो. शेवटच्या 'एंडसाँग'मध्ये तर सहा मिनिटे थांबावे लागते. ती शास्त्रीय गाणे शिकते, तेव्हा लांबी तिला खुपणार नाही असा माझा अंदाज होता, आणि लांबी तिला खुपलीही नाही. तिला खुपली ती माणसांची वये.

त्या अल्बममधले सहावे गाणे स्मिथने त्याच्या गेलेल्या मोठ्या भावावर केले आहे. ते मी यादीत घातले नव्हते. त्याविषयी इथेही नको.

दुसरे नाव होते द मार्च व्हायोलेट्सचे. हा लीड्सचा बँड १९८१ चा, आणि 'क्रोकोडाइल प्रॉमिसेस' हा त्यांचा अल्बम २०२४ चा. रोझी गार्लंड ही त्यांची गायिका कवयित्री आहे, कादंबऱ्या लिहिते आणि घशाच्या कर्करोगातून बरी होऊन पुन्हा गाऊ लागली आहे. तो आवाज ऐकताना हे सगळे माहीत असण्याची गरज नसते, कारण त्यात कुठेही सहानुभूतीची मागणी नाही. उलट धाक आहे. तिसरा होता पीटर मर्फीचा मे २०२५ मधला 'सिल्व्हर शेड'. बाउहाउसने १९७९ मध्ये 'बेला लुगोसीज डेड' हे नऊ मिनिटांहून लांब गाणे काढले, तेव्हा मर्फी जेमतेम बाविशीचा होता, आणि गॉथिक रॉकची सुरुवात बहुतेक जण त्या गाण्यापासूनच मोजतात. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला कार्यक्रम चालू असतानाच्या दिवसांत त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. त्यानंतरचा हा अल्बम, किलिंग जोक या बँडच्या यूथ नावाच्या वादकाने निर्मिती केलेला, आणि त्यात मर्फी असा गातो, की जणू कोणी त्याला जपून राहायला सांगितलेच नव्हते.

यादी अशी होती. आता तिच्याकडे पाहिले तर मलाही ती एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीसारखी दिसते.

पण मला लागले ते नेमके काय, हे अजून उलगडत नाही. ते गायक म्हातारे आहेत, हे काही मला ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना कोणी म्हातारे म्हटले म्हणून माझे काय बिघडते? ते त्यांचे बघून घेतील. लागले असेल तर हे, की त्या वाक्यात 'मंडळी' या शब्दाआड मीही उभी होते आणि तिने मला वेगळे काढले नाही. किंवा तिला मी मुळात त्यात दिसलेच नाही, आणि मीच आपणहून जाऊन रांगेत उभी राहिले. दोन्हीपैकी काय अधिक वाईट, ते ठरत नाही.

सोलापूरच्या घरी हे संगीत दादाने आणले. मुंबईच्या हॉस्टेलवर कोणाकडून तरी कॉपी करून घेतलेली नव्वद मिनिटांची कॅसेट होती. तिच्यावर द क्युअरचा 'डिसइंटिग्रेशन' भरलेला होता. तो अल्बम सुमारे ७२ मिनिटांचा आहे आणि कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे पावसाच्या आणि ढगांच्या गडगडाटाने सुरू होणारे 'द सेम डीप वॉटर अ‍ॅज यू' हे नऊ मिनिटांचे गाणे मध्यावरच तुटायचे. खट्ट असा आवाज व्हायचा, दादा कॅसेट उलटी करायचा, आणि उरलेले गाणे पुढे सुरू व्हायचे. मधले काही क्षण गेलेले असायचे ते गेलेलेच. आज कुठलेही गाणे सलग ऐकता येते. तरी त्या जागेवर आले की माझा कान अजूनही खट्ट होण्याची वाट पाहतो.

दादा काळा शर्ट घालायचा, तोही सोलापूरच्या एप्रिलमध्ये, आणि त्याचे पाहून मीही काळी ओढणी सोडत नसे. आई वैतागायची. सणावाराला काळे चालायचे नाही. वर्षातून एकदा संक्रांतीला मात्र सगळे घर आमच्या बाजूला यायचे. एकदा कुठल्याशा मासिकात आलेला रॉबर्ट स्मिथचा फोटो आईने बराच वेळ निरखून पाहिला आणि दृष्ट लागू नये म्हणून एवढे काजळ असेल तर ते जरा जास्तच झाले, असे म्हणाली. तेव्हा त्या खोलीत मी सर्वांत लहान होते. गाणी मोठ्यांची, कॅसेट मोठ्याची, मला फक्त ऐकण्याची परवानगी. निदान या एका बाबतीत मी कायम धाकटी राहीन, असे मी कुठेतरी धरून चालले होते. दादाला मी वयात गाठले आणि नंतर मागेही टाकले, ते असो.

आता मी पन्नाशीकडे निघालेली बाई, घरी आल्यावर गुडघ्याला तेल लावते आणि लीड्सच्या बँडच्या नव्या अल्बमची चौकशी करते. कार्यालयात हे कोणाला सांगायची सोय नाही. बरोबरीच्या बायका जुनी हिंदी गाणी ऐकतात आणि त्यांना कोणी वय विचारत नाही, कारण जुन्या गाण्यांनी जुने असायचे हे सर्वांना मान्य आहे. माझीच पंचाईत अशी, की मला 'नवे' हवे असते आणि ते नवे जुन्या माणसांकडूनच हवे असते. इतके लिहून झाल्यावर स्वतःची फारच कीव येऊ लागली, म्हणून उठून चहा केला.

चहा घेताना आठवले, की 'डिसइंटिग्रेशन' हा १९८९ चा अल्बम स्मिथने केला तोच मुळी तिशी येणार या धसक्याने. तीस! आज हे वाचले की हसू येते. तिशी म्हणजे आयुष्य संपले असे मानणाऱ्या एका तरुणाचे ते गाऱ्हाणे आम्ही भाऊबहीण सोलापुरात जमिनीवर लोळून ऐकत होतो आणि जगाचे सारे दुःख आपल्याला कळले असे समजत होतो. त्याच्याही सात वर्षे आधी, तेविसाव्या वर्षी, तो मरणाखेरीज दुसऱ्या कशावर बोलायला तयार नव्हता. मर्फीचेही तेच, बाविशीतच त्याचा आवाज एखाद्या ओसाड वाड्याच्या मालकाचा होता. ही माणसे तरुणपणी कधी तरुण नव्हतीच. त्यांनी म्हातारपण आधी अंगावर चढवले, आरशात पाहिले, ते त्यांना शोभले, आणि मग चाळीस वर्षे त्या मापात बसायची वाट पाहिली. 'अलोन'मध्ये जो पासष्ट वर्षांचा माणूस गातो, त्याचे आईवडील गेलेले आहेत, भाऊ गेलेला आहे, आणि तो आता कुठलेच नाटक करीत नाही. म्हणून ते तीन मिनिटांचे थांबणे मला सहन होते. आधीचे काही अल्बम, खरे सांगायचे तर, मला अर्ध्यातच कंटाळवाणे वाटले होते.

मग धाकटीला काय सांगायचे? तिला जरा तरुण मंडळी हवी असतील तर तेही आहेत, आणि वाईट मुळीच नाहीत. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या ब्राउन्सव्हिल गावचे ट्विन ट्राइब्स हे दोघेच जण आहेत. त्यांचा २०२४ चा 'पेंड्युलम' मी महिनाभर स्वयंपाक करताना लावत होते. गिटारची ती थंड, पाणी ठिबकल्यासारखी तार, खाली ड्रम मशीन, वर दुरून आल्यासारखा आवाज: १९८३ मध्ये निघाला असता तरी कोणाला शंका आली नसती. बेलारूसमधल्या मिन्स्कचा मोलचात दोमा हा बँड, ते रशियन भाषेत गातात. २०२० मध्ये त्यांचे एक गाणे छोट्या व्हिडिओंमधून जगभर पसरले, नंतर ते लॉस एंजेलिसला जाऊन राहिले आणि २०२४ मध्ये 'बेलाया पोलोसा' काढला. त्यात सिंथेसायझर अधिक आहे, गॉथिकची सोवळी मंडळी नाक मुरडतील, मुरडोत. स्टॉकहोमच्या देन कम्स सायलेन्सचा 'ट्रिकरी' त्याच वर्षीचा. पोर्टलंडच्या अन्टु अदर्सचा 'नेव्हर, नेव्हरलँड'ही त्याच वर्षीचा, पण ते अर्धे मेटलकडे झुकलेले आहेत. चेल्सी वुल्फ या गायिकेच्या फेब्रुवारी २०२४ च्या अल्बमचे नाव इतके लांब आणि इतके स्वतःभोवती फिरणारे आहे, की ते मी तिला लिहून पाठवण्याऐवजी गाण्याचा दुवाच पाठवीन. आवाज मात्र असा आहे, की रात्री एकटीने ऐकू नये आणि ऐकायचा तर एकटीनेच ऐकावा.

हे सगळे पुन्हा ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि तिने मला बरे वाटले, हे नाकारत नाही. यातली तरुण मुले जिवाच्या आकांताने १९८३ सारखी वाजू पाहतात. गिटारचे सूर त्या वेळचे, ड्रम मशीनचा ठेका त्या वेळचा, छायाचित्रातला धूरसुद्धा त्या वेळचा. आणि जे खरोखर १९८३ मध्ये होते, ते मात्र आजचे बोलतात: दवाखान्यांचे, रिकाम्या होत चाललेल्या घरांचे, आपल्यामागे काय उरेल याचे. आजीच्या वयाची मंडळी आज जगतात आणि त्यांच्यामागून आलेली मंडळी आजीच्या तारुण्यात राहायला गेली आहेत. यात कोण म्हातारे, हे तिने मला सांगावे. (हे वाक्य तिला पाठवणार नाही. आत्याने वाद घातला असे होईल, आणि वाद घालणाऱ्या आत्याला पुढच्या वेळी कोणी काही विचारत नाही.)

आणि समजा, मी त्या रांगेत उभी असलेच, तर रांग तशी वाईट नाही. तिथे गार्लंड आहे. तिच्या शेजारी उभे राहायला मिळत असेल तर गुडघ्याच्या तेलाची बाटली पर्समध्ये टाकून मी आनंदाने जाईन.

दुसरी यादी जवळजवळ झाली आहे. वर ट्विन ट्राइब्स, मग स्वीडनची मंडळी, मग चेल्सी वुल्फ. मोलचात दोमा मधे कुठेतरी, कारण ते तिने बहुधा आधीच ऐकलेले असतील आणि मला ओळखीचे काही दिले याचे तिला हसू येईल. अन्टु अदर्स तिला आवडतील की नाही याबद्दल मी साशंक आहे, पण तिच्या मैत्रिणीला नक्की आवडतील. 'सिल्व्हर शेड' मी काढलेला नाही, फक्त खाली सरकवला. राहता राहिला सिस्टर्स ऑफ मर्सी हा जुना बँड, ज्याच्याबद्दल तिने मुद्दाम विचारले आहे. त्यांचा गायक अँड्र्यू एल्ड्रिच अजून गावोगावी कार्यक्रम करतो, डॉक्टर अ‍ॅव्हलांच नावाचे त्याचे ड्रम मशीन अजून ठेका धरते, नवी गाणीही तो मंचावरून ऐकवतो, पण स्टुडिओतला शेवटचा अल्बम १९९० चा 'व्हिजन थिंग', आणि त्याला गॉथ म्हटलेले खपत नाही ते वेगळेच. नव्या अल्बमांच्या यादीत त्यांना यायचे असेल तर त्यांनी आधी अल्बम काढावा.