घरच्या डब्यावर डेबियन 13 लिनक्स: काम कुठवर आलं

जुना डेस्कटॉप मार्गी लागला एकदाचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम, 240 जीबीची एसएसडी. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, अन् 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आडवाटेनं बसतं, माहितीय. पण अख्खं घर वापरतं त्या मशीनवर दर मोठ्या अपडेटला जीव टांगणीला कोण लावणार?

म्हणून लिनक्स टाकायचं ठरलं, आणि त्याचा कोणता प्रकार ते बघत होतो. फेडोरा यादीतून लगेच गेलं: सहा-सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, प्रत्येकीला जेमतेम तेरा महिन्यांचा सपोर्ट. माझ्या लॅपटॉपवर आर्च हे दुसरं लिनक्स आहे आणि मला त्याची हौस आहे. मात्र त्याचं एक मोठं अपडेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घेतलं की दिवसाचा डेटा बघता बघता संपतो. तिसरं मिंट, त्याला नाव ठेवायला जागा नाही. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार, नवख्याला मी आजही तेच देईन. मला फक्त पाया हवा होता, वरचा मजला माझा मी बांधणार.

म्हणून डेबियन 13, टोपणनाव ट्रिक्सी. 9 ऑगस्ट 2025 ला आलं, कर्नल (सिस्टीमचा गाभा) 6.12, तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट आणि वर दोन वर्षं एलटीएस, म्हणजे लांबवलेला सपोर्ट. डेस्कटॉप, म्हणजे मेनू-खिडक्यांचा भाग, एक्सएफसीई 4.20. मधल्या काळात सुरक्षेचे आणि मोठ्या दोषांचे पॅच तेवढे येतात, मेनू जागचा हलत नाही. आमच्या अण्णांसाठी हे फार मोठं. आधीच्या सिस्टीमवर प्रत्येक अपडेटनंतर एकच प्रश्न यायचा, "काल इथं बटन व्हतं की रे, कुठं गेलं?" नवा ब्राउझर वगैरे हवाच असेल तर फ्लॅटपॅक आहे, त्यातून अॅप सिस्टीमपासून वेगळं बसवता येतं.

आता लाईटचं. परभणीकडं उन्हाळ्यात डीपी जळाली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. मोठी फाईल कॉपी होत असताना मी मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला. चालू करताना ईएक्सटी4 या फाईलसिस्टीमनं जर्नल (बदलांची नोंदवही) वाचून घेतलं आणि डेस्कटॉप उभा राहिला, विनातक्रार. कॉपी अर्थात अर्धवट. जर्नल फाईलसिस्टीमचा सांगाडा सांभाळतं, सेव्ह न केलेलं पत्र नाही. त्यासाठी लिब्रेऑफिसचं ऑटोरिकव्हरी दर दोन मिनिटांवर आणलं. पॅकेज बसताना वीज गेली तर अर्धवट बसवणं पूर्ण करणारी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड हाताशी ठेवा. आपोआप अपडेट करणारं अन्अटेंडेड-अपग्रेड्स बसवलंय, त्याची वेळ पहाटेची होती ती दुपारवर नेली, कारण पहाटे डबा बंदच असतो.

आमच्या स्वस्त यूपीएसला यूएसबी पोर्टच नाही. म्हणजे बॅटरी संपत आल्याचं पीसीला कळणार कसं? नवा घेणार असाल तर पोर्ट बघून घ्या, 'नट' हा प्रोग्रॅम त्याच्याशी बोलून मशीन वेळेत बंद करतं. बोर्डावरचा सीआर2032 सेलही बदलून टाका. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागं जातं आणि बँकेच्या साईट सर्टिफिकेटवरून अडून बसतात.

13 मधला एक बदल ध्यानात असू द्या: /टीएमपी हा तात्पुरत्या फाईलींचा फोल्डर आता रॅममध्ये असतो, जास्तीत जास्त निम्म्या रॅमपर्यंत. 8 जीबीवर निभतं. 4 जीबीवाल्यांनी तिथं मोठी झिप उघडू नये, किंवा ते माउंट (रॅममधली जोडणी) मास्क, म्हणजे बंद, करून परत डिस्कवर न्यावं.

मराठी टायपिंगला आयबस आणि एम17एन हे प्रोग्रॅम, त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड. अण्णांकडं कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली पत्रं बरीच आहेत. फॉन्टची टीटीएफ फाईल होममधल्या .लोकल/शेअर/फॉन्ट्स या फोल्डरमध्ये टाकल्यावर ती नीट दिसायला लागली. युनिकोडमध्ये आणायचं काम सवडीनं.

प्रिंटर अजून रुसलेला. जुना लेझर आहे, त्याला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि तो 64-बिटवर कसाबसा चालतो. तोवर सातबाराच्या पीडीएफ गल्लीच्या तोंडावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअॅप करतोय.

पुढं दुकानातल्या दुसऱ्या पीसीवरही हेच टाकायचंय. त्याआधी या डब्यावर उतरवलेली पॅकेजं साठवून ठेवणारं ॲप्ट-कॅशर-एनजी बसवतोय, म्हणजे दोन्ही मशीनची पॅकेजं डेटातून एकदाच उतरतील.