तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकत नाहीत तरी का सांगत बसता?

"ऐकत नाहीत तर कशाला घसा कोरडा करून घेता?" हे मला सगळेच विचारतात, पोराच्या डायबिटीसबद्दल मी लोकांना सांगत असते त्यावरनं. बहीण विचारते, शेजारच्या वहिनी विचारतात, परवा डॉक्टरांकडं नंबर लावून बसलेल्या एका बाईंनी पण विचारलं. त्यांच्या मांडीवर चारेक वर्षांची पोरगी होती, म्हणून त्यांना नीट सांगावंसं वाटलं आणि तेवढ्यात त्यांचा नंबर आला. राहून गेलं, ते आता लिहिते.

माझ्या मुलाला टाइप 1 डायबिटीस आहे. आता तो 9 वर्षांचा आहे, झाला तेव्हा 6 चा होता. आपल्याकडं शुगर म्हटलं की लोकांना आजोबांची शुगर आठवते, सकाळची गोळी, बिनसाखरेचा चहा, रंकाळा तलावाला फेरी. ह्याचं तसं नाही. ह्याच्या शरीराची प्रतिकारशक्तीच उलटली आणि स्वादुपिंडात ज्या पेशी इन्सुलिन बनवतात त्या तिनं मारून टाकल्या, मग इन्सुलिन बाहेरनं द्यायचं, तोंडावाटे दिलं तर पोटात पचून जातं म्हणून सुईनं, दिवसातनं चार वेळा. गोड खाऊन हे होत नाही. एवढंच मी सांगते, दोन मिनिटं पण लागत नाहीत.

पण ऐकायचंच नसतं हो. माझ्या सासऱ्यांची बहीण, आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. गेलं की सुरू, "लई लाड केलास, चॉकलेटं चारलीस," मग "आमच्या घराण्यात कुणाला नव्हतं बाई," आणि वर काकवीची वाटी पोरापुढं सरकवून "गुळानं काय होत नाही, साखर वाईट." दोन्ही उसाचंच, शुगर दोन्हीनं वाढतेच. मी सांगायला लागले की त्या काहिलीकडं बघत गुळव्याला हाक मारतात. दुसरे एक पाहुणे म्हणाले, इन्सुलिनची सवय लागते, बंद करा, अमुक गावात एकजण पावडर देतो. तिथं मात्र माझा आवाज चढला, कारण ह्या पोरांचं इन्सुलिन एक-दोन दिवस जरी थांबलं तरी रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं.

आणि रंकाळ्यावर एकदा झालं ते अजून डोळ्यासमोर आहे. संध्याकाळी पोरांबरोबर पळापळी खेळत होता, येऊन गप्प बसला. कपाळावर घाम, हात गार, बोटं थरथरायलेली. साखर मोजायचा मीटर लावला, 52, म्हणजे फारच कमी. इन्सुलिन तेवढंच आणि पळणं जास्त झालं की साखर अशी झपकन खाली येते आणि तेव्हा साखर हेच औषध असतं, म्हणून मी ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून त्याच्या ओठाला लावली. शेजारच्या बाकड्यावरच्या बाई म्हणाल्या, "साखर झालीय म्हणता आणि साखरच पाजता व्हय? कसली आई म्हणायची." माझ्या एका हातात पेला, एका हातानं त्याची मान धरलेली, काय बोलणार. 15 मिनिटांनी परत बोट टोचलं तर 88, म्हणजे ठीक. बाई तोवर निघून गेल्या होत्या.

त्या दिवशी ठरवलं, बास. कुणाला काही सांगायचं नाही. सहा महिने मी काही सांगितलं नाही, कुणी काही म्हटलं की हसून मान हलवायची. खरं सांगते, बरं वाटलं, वाद नाही की डोकेदुखी नाही. त्यातच त्याचा वाढदिवस आला, केक नको म्हणाला, त्या हिशेबानं इन्सुलिन देऊन तुकडाभर खाता येतो हे त्याला माहिती असून नको म्हणाला. मला वाटलं शहाणा झाला.

मग एका रात्री, झोपतानाचं इंजेक्शन द्यायला त्याची मांडी चिमटीत धरलेली, तर म्हणाला, "आई, मी चॉकलेट लई खाल्ली म्हणूनच झालं नव्हं हे?"

कुणी सांगितलं तुला?

"गुऱ्हाळवाली आजी म्हटली की. तू व्हय केलंस."

मान हलवली होती मी. वाद नको म्हणून हलवलेली मान त्यानं बघितली होती आणि ते सगळं पोटात घेऊन हिंडत होता.

त्या रात्री त्याला लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितली. 14 वर्षांचा मुलगा, ह्याच्यासारखाच टाइप 1, तेव्हा ह्या आजारावर औषधच नव्हतं, पोरांना जवळजवळ उपाशी ठेवायचे तरी फार तर काही महिने, वर्ष-दोन वर्षं जगायची. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोच्या हॉस्पिटलात त्याला इन्सुलिन टोचलं. पहिलं नीट लागू पडलं नाही, म्हणून ते अजून शुद्ध केलं आणि 12 दिवसांनी परत दिलं, ते लागू पडलं. पुढं 13 वर्षं जगला तो. "पहिल्यांदा जमलं नाही तरी परत टोचून घेतलं त्यानं?" माझ्या पोरानं विचारलं. घेतलं म्हटलं. मग स्वतःच मांडी पुढं केली.

म्हणून सांगते. आत्याबाईंनी ऐकावं असं अजूनही लई वाटतं, पण त्यांनी नाही ऐकलं तरी खांबाला टेकून उभा असलेला एकजण ऐकत असतो. ह्या रविवारी परत जायचंय गुऱ्हाळावर. काकवीची वाटी पुढं येणारच आणि मी परत पहिल्यापासनं सांगणार. आता त्याला सगळं पाठ झालंय, मागच्या खेपेला घाईत मी गोष्ट अर्ध्यावर आवरली तर मागनं पदर ओढून म्हणाला, "आई, लिओनार्डचं दुसरं इंजेक्शन राहिलं."