होडीची ट्रॉली मागे घेताना

शनिवार, ११ जानेवारी २०२५

मालवणजवळच्या एका कारागिराकडे दिवाळीपूर्वी सांगून ठेवलेली बारा फुटांची फायबरची होडी आज अखेर कोल्हापूरजवळच्या चिखलीला आमच्या अंगणात आली. होडी, दहा अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आणि एका आसाची ट्रॉली मिळून वजन साडेतीनशे किलोच्या आसपास भरते. बोलेरोला हे ओझे काहीच नाही, अशा समजुतीने सकाळी मी निर्धास्त निघालो, आणि कणकवली सोडून फोंड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो निर्धास्तपणा टिकला.

पुढे सरळ रस्ता दिसला म्हणून वेग साठपर्यंत नेला. आरशात पाहतो तर होडी डावीउजवीकडे डोलू लागली होती, आणि पाहता पाहता ते डोलणे जीपच्या मागच्या चाकांत उतरून बसल्या जागी जाणवू लागले. ब्रेक दाबावा म्हणून पाय शिवशिवत होता. परंतु ट्रॉली नाचू लागली तर ब्रेकही नको आणि स्टिअरिंगशी झटापटही नको, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, हे कारागिराने निघताना दोनदा बजावले होते. पाय उचलला. वेग चाळीसच्या खाली आल्यावर होडी मुकाट्याने मागून येऊ लागली आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

कारण शोधावे लागलेच नाही. पुतण्याने नांगर, बॅटरी आणि पेट्रोलचा भरलेला कॅन हे सगळे जड सामान मागे इंजिनाशेजारी रचून ठेवले होते. भार आसाच्या मागे गेला की पुढची दांडी हलकी होते, जीपच्या हुकावर दाब राहत नाही आणि मागचे वजन लंबकासारखे झुलू लागते. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार हुकाच्या गोळ्यावर यावा, असा ठोकताळा आहे. तो मी वाचलेला होता, पण सामान भरताना मी चहा पीत होतो. सगळे सामान पुढे सरकवल्यावर उरलेल्या रस्त्यात होडी एकदाही डोलली नाही. संध्याकाळी शेजारच्या गुऱ्हाळातला काटा आणून दांडी त्यावर टेकवली तेव्हा एकतीस किलो भरले, म्हणजे गुळाच्या एका मोठ्या रव्याएवढे. आता हे माप माझ्या कायम लक्षात राहील.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. दाजीपूरला थांबून ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या हबवर तळहात ठेवून पाहिले. कोमट होते, चटका बसत नव्हता, म्हणजे बेअरिंग ठीक होती. राधानगरीपासून कोल्हापूरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत चाललो असल्याने वेगाचा मोह होण्याचा प्रश्नच नव्हता. गंगावेशीत गर्दीत अडकलो असता एका दुकानदाराने होडीकडे पाहून, "काय राव, पुराला अजून सहा महिनं हाईत की," असे म्हटले. त्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही, कारण होडी घेतली आहे ती त्यासाठीच.

रविवार, १२ जानेवारी २०२५

आज होडी पाण्यात सोडली. हे वाक्य लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात सकाळी आठपासून साडेअकरापर्यंतचा वेळ गेला आणि त्यातला दीड तास होडी पाण्यापासून वीस फुटांवर कोरडी उभी होती.

पंचगंगा घाटाला दगडी पायऱ्या आहेत, तिथे ट्रॉली उतरवता येत नाही. आमच्या गावाखाली बैल धुवायला आणि टँकर भरायला वापरतात तो मातीचा उतार आहे, तोच मी निवडला. सध्या नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असल्यामुळे पाणी वरपर्यंत फुगून तळ्यासारखे संथ आहे. नवशिक्याला याहून बरा काळ मिळणार नाही. कोल्हापूर पद्धतीच्या या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्याआधी काढतात आणि नदी पुन्हा वाहती होते, तेव्हा हाच उतार निराळा असेल.

उतारावर जीप उलटी घेताना माझी जी फजिती झाली ती चार लोकांनी काठावर बसून पाहिली. जीप डावीकडे वळवायला जावे तर ट्रॉली उजवीकडे जाई. ती सुधारायला घाईने चाक फिरवले की ती कात्रीसारखी मिटून जीपच्या बंपरला टेकायला येई, आणि पुन्हा पुढे घेऊन सगळे पहिल्यापासून. तीन वेळा असे झाल्यावर गावातले तात्या, जे गेली वीस वर्षे ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून साखर कारखान्याला ऊस ओढतात, तंबाखू मळत खिडकीपाशी आले.

"सर, मान वळवून काय बी हुत न्हाई. हात चाकाच्या वर धरू नका, बुडाला धरा. ट्रॉली जिकडं न्यायची तिकडं हात न्यायचा, बास."

मी स्टिअरिंगच्या अगदी तळाला हात धरला. हात उजवीकडे नेला की चाक डावीकडे फिरते आणि ट्रॉलीचे मागचे टोक उजवीकडे जाते, म्हणजे मनात उलटसुलट हिशेब करण्याचे कामच उरत नाही. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की ट्रॉली वाकडी होताना दिसताच चाक बोटभर फिरवावे आणि थांबून पाहावे. ती पुरती वाकडी झाल्यावर कितीही फिरवून उपयोग नसतो. "दोन ट्रॉल्या मागं घेता व्हय?" असे मी आदराने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कुठलं वं! एक सोडतो, मग दुसरी घेतो." लांब आखूड हाही फरक आहेच. उसाची लांब ट्रॉली सावकाश वळते आणि दुरुस्तीला वेळ देते, तर माझी आखूड ट्रॉली क्षणात रुसते.

पाण्याजवळ पोहोचल्यावर हबना गार व्हायला वीस मिनिटे दिली. गरम हब एकदम थंड पाण्यात बुडाले तर आतली हवा आक्रसते, पाणी सीलमधून आत ओढले जाते आणि ग्रीसचे वाटोळे होते. मागच्या दिव्यांची वायर सोडवली. होडीच्या तळाच्या भोकाचे पितळी बूच मी जीपच्या किल्लीला बांधून ठेवले होते. बूच लावल्याशिवाय किल्ली सुटत नाही, म्हणून ते विसरण्याची सोयच नव्हती. या युक्तीवर मी इतका खूश होतो की दुसरीच गोष्ट विसरलो.

मागची चाके बुडाली, पाणी होडीच्या कडेने चढले, आणि होडी काही सुटेना. उलट ट्रॉलीच खालून उचलल्यासारखी हलू लागली. पुतण्या गुडघाभर पाण्यात उभा राहून, "काका, होडी तरंगंना, ट्रॉलीच तरंगायला लागली," असे ओरडला तेव्हा उलगडा झाला की प्रवासासाठी मागे आवळलेला पट्टा तसाच होता. पट्टा सोडताच होडी अशा झपाट्याने मागे सरकली की नाकाला बांधलेला दोर त्याच्या हातात नसता तर ती एकटीच नदीत निघाली असती.

पहिली फेरी छोटी होती. पेट्रोलच्या नळीवरचा फुगा घट्ट होईपर्यंत दाबला, चोक ओढला आणि चौथ्या झटक्याला इंजिन लागले. इंजिनाच्या मागून करंगळीएवढी पाण्याची धार पडताना दिसली की थंड पाणी आत खेळते आहे असे समजायचे. ती धार पाहण्यात माझे अर्धे लक्ष गेले. उरलेले लक्ष काठाकाठाने पाण्यात सोडलेल्या शेतीपंपांच्या नळ्यांकडे होते. प्रत्येक नळीच्या तोंडाला फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्हची झडप, आणि तो वर धरून ठेवणारा नायलॉनचा दोर, आणि इंजिनाच्या पंख्यात असा एक दोर गुंडाळला तर इंजिन जागच्या जागी बंद. लाइफ जॅकेट घातले होते, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवली होती. गावाजवळच्या प्रयाग संगमापर्यंतही गेलो नाही. बंधाऱ्याच्या दिशेला तर आम्ही कधीच जाणार नाही, हे घरी आधीच ठरले आहे.

होडी परत ट्रॉलीवर घेणे त्या मानाने लवकर झाले, पण भरलेली ट्रॉली वर ओढताना जीपची मागची चाके शेवाळलेल्या चिखलात फिरू लागली. फिरतील तेवढी खोल जात होती. तात्यांनी पलीकडच्या तोडलेल्या उसाच्या फडातून पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचे, दोन भारे आणले, चाकांपुढे दाबून घातले, आणि जीप पहिल्या गिअरमध्ये हळूच वर आली. नदीकाठच्या चिखलावर पाचट हे औषध आहे, हे कुठल्याच पुस्तकात नव्हते.

दुपारी जेवून झाल्यावर मात्र वेगळाच विचार सुरू झाला. २०१९ च्या महापुरात आईला बाहेरून आलेल्या बोटीने सोनतळीला हलवले, आणि बोट येईपर्यंत गल्लीत काहिलीतून, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या कढईतून, माणसे नेणे चालू होते. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली. म्हणून माझ्या होडीच्या आतल्या कडेवर मी तांबड्या रंगाने 'चार माणसे' असे मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आहे. २०२१ ला पुन्हा तेच पाणी आले. होडीने पुराच्या धारेत जायचे नाही, ते काम सरकारी पथकांचे. गल्लीतल्या साचलेल्या पाण्यातून म्हातारी माणसे आणि औषधे हलवायची, एवढाच माझा हेतू आहे.

परंतु राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तेवढे पाणी चढेल तेव्हा आज सकाळचा उतार कितीतरी पाण्याखाली असेल आणि होडी उतरवायची जागा फुटाफुटाने गावाकडे सरकत येईल. म्हणजे आज मी शिकलो ते जिथे करावे लागणार, ती जागा नदीकाठ नाहीच. ती आमच्या गल्लीचे तोंड आहे, किंवा त्याही वर शाळेपुढचा डांबरी रस्ता. तिथे दोन्ही बाजूंना भिंती आहेत आणि ट्रॉली वाकडी व्हायला जागा नाही. त्यातही हे सगळे पावसात आणि कदाचित अंधारात करावे लागेल.

तात्यांना विचारले, तर ते म्हणाले की गाळप हंगाम संपल्यावर रोज संध्याकाळी मोकळे असतात. पुढच्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी खडूने रेघा मारून आधी रिकामी ट्रॉली मागे घ्यायची आहे. उद्या हबमध्ये ग्रीस भरायचे, आणि पाचटाचे दोन कोरडे भारे प्लास्टिकमध्ये गुंडाळून होडीतच बांधून ठेवायचे, अर्थात पुढच्या बाजूला.