डिजिटल पत्रिका करून घेताय? दुरुस्त्या किती फुकट ते आधी विचारा

दादाचं लग्न डिसेंबरमध्ये साताऱ्यात झालं आणि तेव्हापासून ऑफिसातल्या मैत्रिणी, मावसबहिणी, खालच्या मजल्यावरच्या काकू सगळ्या मला एकच विचारतायत, पत्रिका कुठून करून घेतलीस गं आणि किती पडले. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच इथे लिहून टाकते, लांबलचक होणारे, चहा घेऊन बसा.

आधी पैशाचं. छापील पत्रिका जरा बरी दिसणारी घ्यायची तर आम्हाला २५ ते ४० रुपये नग सांगत होते, म्हणजे पाचशे म्हटल्या तरी कमीत कमी साडेबारा हजार गेलेच, वर गावोगाव वाटत फिरायचं पेट्रोल वेगळं. डिजिटलमध्ये भावाचा काही पत्ताच नाही. तयार टेम्प्लेटमध्ये नावं घालून फोटो पत्रिका दोन-तीनशेला, त्याचाच व्हिडिओ सहाशे-आठशेला, नवरानवरीचं कार्टून काढून त्यांना बुलेटवर बसवायचं असेल तर अडीच हजारांपासून पुढे. वेबसाइटवाली पत्रिका असते ना, लिंक उघडली की काउंटडाउन चालू, प्री-वेडिंगचे फोटो, मॅप, तिचे कुणी हजार सांगितले कुणी सात हजार, आणि दोन्हीत फरक काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कॅनव्हा नावाच्या डिझाईनच्या ॲपवर स्वतः बसून केलं तर शून्य.

पण नुसते हे आकडे बघून ठरवू नका. पत्रिकेचं मॅटर एका बैठकीत फायनल झालंय असं घर मी अजून बघितलेलं नाही. आमच्याकडे निमंत्रकांत मोठ्या काकांचं नाव आधी की आजोबांच्या चुलतभावाचं यावर दोन दिवस गेले, मग मुलीकडून निरोप आला की तिच्या आजीच्या नावापुढे कै. राहून गेलंय, मग गुरुजींनी मुहूर्ताची मिनिटं बदलली, मग आत्या म्हणाली आमच्या ह्यांचं नाव आहे पण आडनाव कुठाय. आणि इन्स्टावरचा ४९९ रुपयांचा पॅकेजवाला काय म्हणतो, दोन दुरुस्त्या फुकट, पुढच्या प्रत्येकीला शंभर. करा हिशोब. त्यातही एका पेजवाल्याची गंमत म्हणजे एका मेसेजमध्ये तीन चुका सांगितल्या की त्या तीन दुरुस्त्या धरायचा. डिझाईन सगळ्यांकडे तेच आहे हो, तोच गणपती, तीच झेंडूची तोरणं, पैसे खरे जातात ते दुरुस्तीत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की बदल किती वेळा फुकट, आणि फायनल झाल्यावर हॉल किंवा वेळ बदलली तर परत करून देणार का, किती घेणार. उत्तर गोलगोल आलं तर पुढे जायचं.

दुसरी गोष्ट मराठी. बहुतेक टेम्प्लेटं हिंदी लग्नांसाठी केलेली असतात, त्यात मेहंदी, संगीत, बारात, प्रीतिभोज असे चौकोन आधीच पाडलेले असतात आणि आपलं सीमांतपूजन त्यातल्या कुठल्या चौकोनात बसवणार? दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी असं लिहायला जागाच नसते, तिथे संध्याकाळी सात पासून पुढे एवढंच मावतं. मग श्रीकृपेकरून, चि. सौ. कां., मिती, शके १९४७, घरच्यांना हे सगळं हवंच असतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मिती-शके नसलं तरी लग्न लागतं, पण पत्रिका आपल्यासाठी नसते, ती आजोबांसाठी आणि त्यांच्या मित्रांसाठी असते, त्यामुळे वाद घालू नका.

जोडाक्षरांचा घोळ हा वेगळाच विषय. ग्राफिक्सच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू केलेली नसते, मग रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडते, आणि श्री मोडून श आणि री वेगळे दिसतात. मराठी न येणाऱ्या डिझायनरला ते कळतही नाही, त्याला सगळं छानच दिसत असतं. मी म्हणून ॲडव्हान्स द्यायच्या आधी एकच ओळ पाठवायचे, "ज्येष्ठ कुऱ्हाडे काकांच्या कृपाशीर्वादाने वऱ्हाडी मंडळींचे हार्दिक स्वागत", आणि म्हणायचे हे तुमच्या फॉन्टमध्ये टाकून स्क्रीनशॉट पाठवा. निम्मे तिथेच गळले. वऱ्हाडीतला ऱ्ह बघायचा खास, तो नीट आला तर माणसाला मराठी टायपिंग येतं समजायचं. अजून एक, ल आणि श चं आपलं मराठी वळण वेगळं असतं आणि बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचे येतात, ते चूक नाहीये पण बाबांना लगेच खटकलं, पाकळीचा ल का नाही म्हणून.

कॅनव्हावर मी खरंच बसले होते दोन रविवार. फुकटच्या खात्यात मुक्ता, बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट मिळतात, जोडाक्षरं मोडत नाहीत, आणि फोटो, पीडीएफ, व्हिडिओ तिन्ही डाऊनलोड होतं. फक्त ज्या चित्रावर छोटा मुकुट दिसतो ते पैसेवालं असतं, तसं वापरलं तर डाऊनलोड करताना पैसे मागतं नाहीतर त्यावर वॉटरमार्क येतो, त्यामुळे सगळं डिझाईन झाल्यावर रडायचं नसेल तर सुरुवातीलाच फुकटचीच चित्रं उचला. मॅटर आधी साध्या डॉक्युमेंटमध्ये टाईप करून घ्या, ते घरच्या ग्रुपवर टाका, दोन दिवस भांडणं होऊ द्या, आणि मगच डिझाईनला हात लावा. ज्याच्या घरात एक जरी कॉम्प्युटरवर बरा हात चालणारा भाऊ-बहीण आहे आणि थोडा वेळ आहे त्याने कुणालाही पैसे द्यायची गरज नाही असं मला वाटतं. माझ्याकडे वेळ नव्हता.

शेवटी आम्ही कुणाकडून केली? गावातल्या पत्रिका छापणाऱ्या प्रेसवाल्याकडून. हसू नका. मी पुण्यात बसून देशभरातली पेजं धुंडाळत होते आणि बाबा एका सकाळी प्रेसमध्ये जाऊन मॅटर देऊन आले. तो डीटीपीवाला वर्षानुवर्षं हेच करतोय, कोरल सॉफ्टवेअरमध्ये झपाझप बसवतो, सकाळी मॅटर द्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर प्रूफ. मुलीच्या वडिलांच्या नावाआधी काय लिहायचं, मामांची नावं कुठे, कुलस्वामिनी प्रसन्न वर की बाजूला, हे त्याला सांगावं लागत नाही, उलट त्यानेच बाबांना विचारलं, मुलीकडच्या आजोबांचं नाव राहिलंय का. थोड्या पत्रिका त्याच्याकडे छापल्या म्हणून मोबाईलवर पाठवायची फोटो पत्रिका त्याने तीनशेत करून दिली आणि दुरुस्त्या मोजल्याच नाहीत. डिझाईन जुन्या वळणाचं आहे, गुलाबी जरा जास्तच गुलाबी आहे, दादाची कुरकुर झाली. म्हणून मित्रांसाठी अर्ध्या मिनिटाचा एक छोटा व्हिडिओ मी वेगळा केला, त्यात फक्त दोघांची नावं, तारीख, वेळ, हॉल. नातेवाइकांना पूर्ण नावांची आणि मित्रांना छोटी अशा दोन केल्या की दोन्हीकडचे खूश, फुकटात भांडण मिटतं. आमच्याकडच्या पत्रिकेत निमंत्रक, संयोजक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक मिळून अर्धं गाव असतं आणि एखादे माजी सरपंच प्रमुख उपस्थितीत असतात, ते व्हिडिओत घालायचं म्हणजे चित्रपटाच्या शेवटी नावं सरकतात तसं होतं, वाचून होत नाही.

फॉरमॅटबद्दल एवढंच की म्हाताऱ्या माणसांना साधा फोटो सगळ्यात सोपा, बोटाने मोठा करून वाचता येतो. व्हिडिओ थांबवून वाचायचं त्यांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं त्यामुळे बारीक नावं फुटतात, पाठवताना वरचं एचडी दाबायचं किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. डिझायनरकडून छपाईला चालेल अशी ३०० डीपीआयची पीडीएफ पण मागून घ्या, ती आधीच मागा, नंतर मागितली की वेगळे पैसे.

आता पाठवण्याचं, यात लोक फारच निष्काळजीपणा करतात. दुसऱ्या कुणाकडून आलेली पत्रिका तशीच पुढे ढकलत गेलात की वर फॉरवर्डेड असं येतं, आणि ते बघून आमच्या एका मामी मागे कुठल्यातरी लग्नाला गेल्या नव्हत्या, म्हणाल्या फॉरवर्ड करून बोलावतात का कुणी. पटतं मला ते. फॉरवर्ड एका वेळी पाचच जणांना जातं तेही आहेच. ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर २५६ जण बसतात आणि फॉरवर्डेड असं दिसत नाही, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यालाच ती जाते, म्हणजे माझ्या नंबरवरून बाबांच्या मित्रांना काही पोचणार नाही, बाबांच्या फोनवरूनच लिस्ट करायला लागते. आणि जवळच्यांना मात्र एकेकाला गॅलरीतून नव्याने जोडून, खाली "काका-काकू, हळदीपासून यायचंय, मुक्कामाला" असं दोन ओळी लिहून. पाहुण्याचं नाव पत्रिकेवरच घालून देतो म्हणून काही सर्व्हिसवाले जादा पैसे घेतात, त्यापेक्षा ह्या दोन ओळी बऱ्या. आणि फोन करायचाच. आईच्या मते पत्रिका म्हणजे नुसता पत्ता, आमंत्रण फोनवरच होतं.

वेबसाइटवाल्या लिंकच्या मी विरोधात आहे आणि त्याला कारण आहे. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते, उघडून इन्स्टॉल केली की फोनमध्ये ॲप बसतं आणि मेसेज, ओटीपी सगळं दुसऱ्याच्या हातात. २०२४ च्या नोव्हेंबरात हिमाचलच्या सायबर पोलिसांनी याबद्दल लोकांना सावध केलं होतं, आणि २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे अशाच पत्रिकेतून जवळपास १ लाख ९० हजार गेल्याची बातमी होती. त्यामुळे आता शहाणा माणूस पत्रिकेची लिंक उघडतच नाही आणि उघडू पण नये. तुम्ही हजारो रुपये घालून सुंदर वेबसाइट केली आणि निम्म्यांनी भीतीने उघडलीच नाही तर काय उपयोग? आम्ही पत्रिकेसोबत सरळ लिहिलं होतं, आमची पत्रिका फक्त फोटो आहे, काही डाऊनलोड किंवा इन्स्टॉल करायला सांगितलं तर ती आमची नाही. (आणि कुणाचं असं झालंच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, बँकेत जायची वाट बघू नका.) तरीही लिंक हवीच असेल तर ती किती महिने चालू राहणार एवढं विचारून घ्या, वर्षभराने ती बंद पडली की फोटोही गेले.

किती जण येणार हे लिंकवर कळतं म्हणतात, ते विसरा. आपल्याकडे तसा फॉर्म कुणी भरत नाही. मी गुगल फॉर्म केला होता, फुकट असतो, दादाच्या कंपनीतल्या पोरांनी भरला आणि बाकी कुणी नाही. केटररला ताटांचा आकडा बाबांनी वहीत टिंबं करून दिला आणि तो जवळजवळ बरोबर निघाला.

पत्रिकेवर घरचा पूर्ण पत्ता आणि सगळ्यांचे नंबर असतील तर ती इन्स्टावर पब्लिक टाकू नका, अमुक दिवशी घरात कुणी नाही हे जगाला सांगितल्यासारखं होतं. करून देणाऱ्यालाही बजावा, ही पेजवाली मंडळी नमुना म्हणून आपलीच पत्रिका नंबरांसकट टाकतात. पैसे निम्मे आधी, निम्मे फायनल फाईल हातात आल्यावर. सगळे आधी मागणारा नको.

आणि सगळं डिजिटल केलंत तरी पन्नासेक छापाच. पहिली पत्रिका देवापुढे हळदकुंकू लावून ठेवायची असते, तिथे आईने मोबाईल ठेवू दिला नसता. थोड्या नगांसाठी ऑफसेट परवडत नाही, कलर प्रिंटच्या दुकानात जाड कागदावर त्याच पीडीएफवरून काढून मिळतात, नगामागे जरा जास्त पडतात पण एकूण कमीच. शिवाय लग्नानंतर विवाह नोंदणीला नमुना ड भरताना पत्रिका मागतात, नसेल तर प्रतिज्ञापत्र करत बसायला लागतं. वहिनीने दोन पत्रिका आधीच फाईलला लावून ठेवल्या होत्या, नोंदणीच्या वेळी पळापळ झाली ती फक्त गुरुजींची सही आणि आधारकार्ड शोधायला. कुणाला त्या प्रेसवाल्याचा नंबर हवा असेल तर बाबांना विचारून देईन, पण तो फोन दुपारी जेवणानंतर उचलत नाही, सकाळी करा.