पेंटर ते फ्लेक्सवाले : आमची वाटचाल

लातूरच्या आमच्या दुकानात सुरुवातीला यंत्र म्हणावं असं काही नव्हतंच. पत्रा, रेडऑक्साइड, ऑइलपेंट, टर्पेंटाइन आणि चपटे ब्रश. बोर्ड झाला की खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही. ‘पेंटर’ हा शब्द आडनावासारखा चिकटलेला असायचा. फ्लेक्सचं मशीन आलं, गिऱ्हाईक ‘फ्लेक्सवाले’ म्हणू लागलं आणि सहीच्या जागी मोबाइल नंबर आला. हे लागतं मनाला, खोटं कशाला बोला. पण विद्या गेली नाही, ब्रशातून डोळ्यात आली.

ब्रशने लिहिताना आधी सूत मारून शिरोरेषा आखायची, मग अक्षरं तिला टांगायची. वर मात्रा-रफार, खाली उकार, त्यामुळे तीन फुटी बोर्डात मूळ अक्षराला जेमतेम दीड फूट मिळतं. इंग्रजी कॅपिटल मात्र अख्खी उंची खातं. कॉम्प्युटरवर दोन्हींना एकच पॉइंट साइज दिली तरी मराठी बारीकच दिसतं. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान नको, हा २०२२ चा नियम. म्हणून आकडा बघू नका, टेप लावून अक्षर मोजा.

२०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली, तेव्हा पाट्या बदलायची कामं निघाली. ‘औरंगाबाद’ची पाच अक्षरं, ‘छत्रपती संभाजीनगर’ची दहा. जुन्या चौकटीत दाबून बसवली की काने एकमेकांत घुसतात आणि रस्त्यावरून नुसता काळा पट्टा दिसतो. सरळ दोन ओळी करा. ‘धाराशिव’ची गंमत वेगळीच. जुन्या कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड (मोबाइलवर टाइप होतो तसा) मजकूर टाकला की पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला लागते आणि छापून येतं ‘धाराशवि’. ज्याने कधी हाताने वेलांटी काढली नाही, त्याच्या नजरेला हे पडतच नाही. मजकूर नीट लावून तपासला की लगेच कर्व्ह करायचा, म्हणजे अक्षरांची चित्रासारखी आकृती करून टाकायची, नाहीतर दुसऱ्या मशीनवर फाँट नसला की सगळा घोळ.

छापल्यावर शाई पुरती वाळू द्यायची. ओल्या फ्लेक्सची गुंडाळी केली की रंग पाठीला उतरतो. फ्रेमवर दुमडायला चारी बाजूंनी दोन इंच जादा सोडायचं आणि ताण मधून कोपऱ्यांकडे द्यायचा. ढिला राहिला तर मे महिन्याच्या वावटळीत फडफडून आधी आयलेटपाशीच, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कडीपाशीच, फाटतो.

भिंतीवरची कामं अजून हातानेच घेतो. तिथं सही असते.