केव्ह डेलने चढा, उतरू नका: कॅसलटन, मॅम टॉर, लूज हिल

इंग्लंडच्या डर्बीशरमधली ही डोंगरफेरी करणार असाल तर बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा: केव्ह डेलची घळ चढायची आहे, उतरायची नाही. आम्ही ज्या ॲपवरचं वर्णन वाचून गेलो, त्यात होप स्टेशनहून लूज हिल, तिथून धारेने मॅम टॉर आणि शेवटी केव्ह डेलमधून कॅसलटन गावात उतरा, असं दिलं होतं. श्रेणी मध्यम. घळीबद्दल 'सुंदर, अरुंद दरी' एवढंच. त्याच घळीत माझी बहीण घसरून आपटली, मनगट सुजलं आणि शेवटचा अर्धा किलोमीटर उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. पाऊस दुपारीच थांबला होता.

सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्यांना वाटेल, निसरड्याचं काय एवढं? पण आपला कातळ बसाल्टचा. शेवाळलेला असला तर घसरवतो, पण शेवाळ डोळ्यांना दिसतं, आणि उघडा, कोरडा बसाल्ट बूट घट्ट धरतो. केव्ह डेलमध्ये चुनखडी आहे, आणि ती कित्येक पिढ्यांच्या पावलांनी घासून लादीसारखी गुळगुळीत झाली आहे. तिच्यावर शेवाळाचा ठिपकाही नसताना पाय सटकतो. वरचा भाग गवताळ आणि सोपा आहे, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. मग दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, वाट दगडांत शिरते, आणि पावसानंतर ओहोळही त्याच वाटेने वाहतो. सुट्टे दगड, त्यांच्यामध्ये पाण्याखाली चकाकणारी चुनखडी, बाजूला धरायला काही नाही. काठीवर भिस्त ठेवू नका, तिचं धातूचं टोकही या दगडावर सरकतं. बसून उतरायची लाज वाटू देऊ नका.

चढताना हाच टप्पा ठीक आहे. वजन पुढे राहतं, पाय कुठे टेकवायचा ते दिसतं, आणि उजव्या हाताला कड्यावर पेव्हरिल किल्ला मान वर करून बघता येतो. त्याचा चौकोनी बुरूज राजा दुसऱ्या हेन्रीने ११७६ च्या सुमारास बांधून घेतला. गडप्रेमींनी किल्ल्याला वेगळा वेळ द्यावा. प्रवेश गावाच्या बाजूने आणि तिकीट काढून आहे, घळीतून वर जाता येत नाही.

तेव्हा फेरी अशी करा: कॅसलटन, केव्ह डेल, वरचं पठार, विंडी नॉल, मॅम टॉर, हॉलिन्स क्रॉसची खिंड, बॅक टॉर, लूज हिल आणि होप. या दिशेचे आणखी दोन फायदे आहेत. बॅक टॉरचा उभा टप्पा चढणीला येतो. उलट गेलात तर तोही उतरावा लागतो, आणि तिथे घसारा आहे. शिवाय इथला वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे धारेवर तो पाठीवर राहतो. उलट दिशेने आम्ही तो सगळा वेळ तोंडावर घेतला.

पाऊस पडून गेला असेल तर केव्ह डेल चढायलाही जाऊ नका. गावातून जुन्या मोटाररस्त्याने मॅम टॉर गाठा. ही पर्यायी वाट मला मूळ वाटेपेक्षा सरस वाटते. मॅम टॉरची पूर्वेची बाजू शेल (चिखलापासून बनलेला ठिसूळ खडक) आणि वालुकाश्माच्या थरांची, हजारो वर्षं खचत आलेली. त्या खचणाऱ्या उतारावरून १९व्या शतकाच्या सुरुवातीला रस्ता काढला आणि मग दुरुस्त्या करत राहिले. शेवटी १९७९ मध्ये तो वाहनांना कायमचा बंद झाला. आता डांबराचे तुकडे तिरके होऊन पडलेत. एका फटीशी वाकून पाहिलं तर एकावर एक दिलेले डांबराचे थर मोजता येतात. मधली पांढरी रेघ एका जागी तुटून खाली गेलेली दिसते. शिशाची जुनी ओडिन खाणही याच वाटेवर आहे. विनॅट्स पास या खिंडीतल्या डांबरी रस्त्यावरून मात्र चालू नका. उभा, अरुंद, आणि जुना रस्ता बंद झाल्यापासून गाड्यांचा सगळा भार त्याच्यावर.

मॅम टॉरची उंची ५१७ मीटर. माथ्यावर मातीची तटबंदी आहे, प्राचीन डोंगरी किल्ल्याची; आत कांस्ययुगातल्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. फरसबंद वाटेने गर्दी वर येते, फोटो काढते आणि परत जाते, तटबंदीकडे कोणी बघत नाही. तुम्ही बघा. धार सुरेख आहे, वाट चुकायची सोय नाही. हॉलिन्स क्रॉसला पाच मिनिटं थांबा: पलीकडच्या ईडेल गावात १७व्या शतकात चर्च होईपर्यंत तिथली माणसं प्रेतं खांद्यावर घेऊन ही खिंड ओलांडून होपला पुरायला आणत. उत्तरेला किंडर स्काउटचं पठार दिसतं. खासगी शिकारीसाठी राखलेल्या त्या पठारावर २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार मुलं-मुली मुद्दाम घुसली, पाच जणांना तुरुंगवास झाला. आज इथे आपल्याला कोणी अडवत नाही, त्यात त्या लोकांचा वाटा आहे. हा परिसर ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला तो १९५१ मध्ये.

एकूण १५-१६ किलोमीटर, सवयीच्या माणसाला सहा तास. गाडी आणू नका; शनिवार-रविवारी कॅसलटनमध्ये जागा मिळत नाही आणि मिळाली तर पैसे मोजावे लागतात. मँचेस्टर-शेफिल्ड मार्गावरची थांबत जाणारी रेल्वेगाडी धरून होपला उतरा, जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. होपहून कॅसलटनपर्यंत ओढ्याकाठची सपाट वाट आहे. पाणी गावातच भरून घ्या, धारेवर मिळत नाही. लूज हिलवरून निघण्याआधी परतीच्या गाडीची वेळ बघा. एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर बसावं लागतं.