डालेकांची बखर

'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेतला धातूच्या कवचातला शत्रू म्हणजे डालेक. त्याच्या खालच्या घेरावर छप्पन्न अर्धगोल असतात. चौदा फळ्या, प्रत्येक फळीवर चार. बीबीसीचा डिझायनर रेमंड क्युसिक याने १९६३ साली हे रूप घडवलं. त्या गोलांचं काम काय, हे पडद्यावर ठसठशीत दिसायला मात्र २००५ उजाडलं. त्या वर्षीच्या एका भागात एक एकटा उरलेला डालेक स्वतःला संपवायचं ठरवतो. ते गोल सुटतात, हवेत त्याच्याभोवती फिरू लागतात आणि तो त्यांच्या आत नाहीसा होतो.

मधल्या चाळीस वर्षांत 'डॉक्टर हू' बघणाऱ्या मुलांनी काय केलं असेल? त्यांनी पुस्तकं उघडली. काही मार्गदर्शक पुस्तकांनी ते गोल म्हणजे डालेकची ज्ञानेंद्रियं असं ठरवलं होतं आणि आकृतीत तसं नाव घालून बाणही काढला होता. मला ही पुस्तकं फार आवडतात. त्यांच्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून लिहिते.

मी भोसरीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मॅन्युअल्स लिहायचे. सेक्शन, एक्स्प्लोडेड व्ह्यू, लीडर लाइन, पार्ट नंबर, 'झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा'. आता मुलाकडे इंग्लंडमध्ये असते. इथे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत साठच्या दशकातल्या मुलांच्या वार्षिकांचे गठ्ठे सापडतात, आणि त्यांत १९६४ चं 'द डालेक बुक' माझ्या हाती लागलं. त्यातलं डालेकचं शरीररचनेचं पान पाहिलं आणि मी दुकानातच थांबले. कवच कापून आतलं सगळं दाखवलेलं. रेषा शांत, नावं नेमकी. पंपाचा सेक्शन ज्या गांभीर्याने काढतात, त्याच गांभीर्याने कुणीतरी एक अस्तित्वातच नसलेला शत्रू उघडून दाखवला होता.

ज्यांना डालेक माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कारो नावाच्या ग्रहावर अणुयुद्ध झालं. किरणोत्सर्गाने विद्रूप झालेले जीव धातूच्या कवचात बसून जगू लागले. स्वतःहून वेगळ्या कशालाही जगण्याचा हक्क नाही, एवढीच त्यांची श्रद्धा. डिसेंबर १९६३ मध्ये ते पहिल्यांदा पडद्यावर आले आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत ब्रिटनभर खेळणी, पुस्तकं, चित्रकथा यांचा पूर आला. त्यांचा निर्माता टेरी नेशन. पुस्तकांच्या कामात त्याच्या जोडीला होता डेव्हिड व्हिटेकर, मालिकेचा पहिला कथा-संपादक.

या दोघांनी धरलेली भूमिका मला फार महत्त्वाची वाटते. 'ही आमच्या मालिकेची पात्रं' असं ही पुस्तकं कुठे म्हणत नाहीत. डालेकांचा इतिहास नोंदलेली साधनं नेशनच्या हाती लागली आणि त्याने त्यांचं भाषांतर केलं, अशी त्यांची बतावणी आहे. मग स्कारोचा नकाशा येतो. डालाझार हा भूखंड, त्यावर कालान हे डालेकांचं नगर, पलीकडे डेव्हियस. डालेकांच्या भाषेचा छोटा कोशही आहे. १९६५ साली आलेल्या 'पॉकेटबुक'च्या तर नावातच अंतराळ-प्रवाशांसाठीची गाइड असं म्हटलेलं आहे. लेखक एकदाही बाहेर येऊन वाचकाकडे बघून हसत नाही. ही शिस्त मी जाणते. मॅन्युअल लिहिणाऱ्याने एकदा जरी वाचकाला असं वाटू दिलं की हे मशीन कागदावरच आहे, तर पुढची सगळी पानं वाया जातात.

त्या मुलांसाठी ही पुस्तकं किती मोलाची होती हे कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. टीव्ही कृष्णधवल होता. मालिकेत डालेक रंगीत दिसले ते थेट जानेवारी १९७२ मध्ये. १९६५ चा सिनेमा रंगीत होता, पण तो एकदा थिएटरात बघायचा आणि संपला. घरी हातात धरून परत परत पाहायचे रंग होते ते छापलेल्या कागदावर. 'टीव्ही सेंच्युरी २१' या साप्ताहिकाच्या मागच्या पानावर जानेवारी १९६५ पासून दोन वर्षं डालेकांची चित्रकथा चालली, १०४ अंक. तिथे सोनेरी सम्राट डालेक आहे, मोठ्या गोल डोक्याचा. तिथे डालेक उडत्या तबकड्यांवरून फिरतात. टीव्हीवरच्या डालेकला जिना चढताना दाखवायला १९८८ यावं लागलं. छपाईच्या शाईला स्टुडिओच्या गुळगुळीत जमिनीची गरज नव्हती.

खऱ्या अडचणीतून कल्पनेतलं स्पष्टीकरण कसं जन्मतं, तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या कथेत डालेक आपल्या शहराबाहेर जाऊ शकत नाहीत, कारण शहराच्या धातूच्या जमिनीतूनच त्यांना स्थिर वीज मिळते. पुढच्या वर्षी त्यांना लंडनवर चाल करून यायचं होतं, वेस्टमिन्स्टर पुलावर हिंडायचं होतं. मग त्यांच्या पाठीवर वीज पकडणारी तबकडी बसली. १९६५ मध्ये ती गेली आणि कवचाच्या मधल्या भागावर उभ्या पट्ट्या आल्या. मार्गदर्शक लिहिणाऱ्याचं काम इथे सुरू होतं. प्रॉप बदलला असं तो म्हणू शकत नाही. त्याला म्हणावं लागतं की डालेकांनी आपली ऊर्जाव्यवस्था सुधारली. पंपाचं मॉडेल बदललं की आम्हीही सुधारित आवृत्तीच्या पानावर नेमकं हेच करायचो, म्हणून हा भाग मी परत परत वाचते.

आणि आता मूळ मुद्दा. डालेक जन्मले कसे? याची तीन उत्तरं आहेत आणि ती जुळत नाहीत. पहिल्या टीव्हीकथेत थाल लोक, म्हणजे स्कारोवरची दुसरी जात, सांगतात की एकेकाळी थाल योद्धे होते आणि डालेकांचे पूर्वज शिक्षक आणि तत्त्वचिंतक. साप्ताहिकातली चित्रकथा सांगते की डालेक मुळात ठेंगणे, निळ्या कातडीचे लोक. झोल्फियन हा त्यांचा युद्धखोर नेता, यार्व्हेलिंग हा शास्त्रज्ञ. उल्कावर्षावात त्यांचे न्यूट्रॉन बॉम्ब फुटले. यार्व्हेलिंगने बनवलेल्या युद्धयंत्रात एक विद्रूप जीव शिरून बसला. त्याने वाचलेल्या दोघांकडून कारखाना उभा करून घेतला, ते दोघे किरणोत्सर्गाने मेले, आणि तो जीव सम्राट झाला. त्याचं कवच फ्लिडॉर सोनं, क्वार्ट्‌झ आणि आर्केलिस फुलांचा रस यांचं. आणि १९७५ साली नेशनने टीव्हीसाठी स्वतः लिहिलेल्या कथेत हे काहीच नाही. तिथे कालेड नावाची जमात आहे आणि डॅव्ह्रॉस नावाचा अपंग, अतिबुद्धिमान शास्त्रज्ञ. दयामाया काढून टाकलेले जीव तो मुद्दाम घडवतो.

चाहत्यांनी हे तीन धागे एका दोरात वळायचे खूप प्रयत्न केले आहेत. मला ते करावंसंच वाटत नाही. आपण बखरी वाचलेली माणसं आहोत. बखर कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, हे आधी विचारायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रांना वर ठेवलं ते उगाच नाही. तसंच इथे विचारावं. ही चित्रकथा डालेकांच्या स्वतःच्या साधनांतून आली असं पुस्तकंच सांगतात ना? मग ती डालेकांनी डालेकांसाठी लिहिलेली बखर. स्वतःला विश्वात सर्वश्रेष्ठ मानणारी जात आपल्या इतिहासात कधी लिहील का, की आपल्याला एका अपंग माणसाने प्रयोगशाळेत बनवलं? ती लिहिणार की आपण स्वतः उठलो, स्वतः यंत्रात शिरलो, आणि जुन्या लोकांना मजुरासारखं राबवलं. डॅव्ह्रॉस त्या पानांत नाही, कारण त्या लेखकाला तो नकोच आहे. असं वाचलं की विसंगती ही चूक राहत नाही, तीच डालेकांच्या स्वभावाचा पुरावा होते. थालांची हकिगत थालांच्या तोंडची, म्हणून ती निराळी.

या पुस्तकांच्या गांभीर्यामागे आणखी एक कारण आहे असं मी मानते. नेशन १९३० साली कार्डिफमध्ये जन्मला. जानेवारी १९४१ मध्ये त्या शहरावर बॉम्ब पडले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्या काळी ब्रिटनमध्ये शत्रूची विमानं ओळखायच्या पुस्तिका मिळत. काळ्या छायाकृती, खालून कशी दिसतात, बाजूने कशी, पंख कसे. मुलंही त्या पाठ करत. डालेकांवर नाझींची छाया आहे हे तर उघडच आहे. १९७५ च्या कथेत गणवेश आणि सलामीसकट दिसतं. पण मला वाटतं, 'डालेक बुक'च्या त्या कापून दाखवलेल्या आकृतीचा वंश या पुस्तिकांशी जुळतो. शत्रू कसा दिसतो, त्याच्या आत काय आहे, तो कुठे दुबळा आहे, हे मुलाला कळलं पाहिजे. युद्ध संपून एकोणीसच वर्षं झाली होती.

म्हणूनच नंतरच्या काही पुस्तकांत माझं मन रमत नाही. २०११ चं 'डालेक हँडबुक' माहितीने भरलेलं आहे आणि मी ते अनेकदा चाळते, पण ते एका पानावर स्कारोत असतं आणि दुसऱ्या पानावर चित्रीकरणाच्या स्टुडिओत. २०२१ चं 'डालेक कॉम्बॅट ट्रेनिंग मॅन्युअल' मला जास्त जवळचं वाटलं. ते टाइम लॉर्ड्सचं, म्हणजे मालिकेतल्या डालेकांच्या शत्रूजातीचं, पुस्तक म्हणून लिहिलंय, डालेकांशी लढायला निघणाऱ्यांसाठी. तिथे लेखकाने पुन्हा ती जुनी शिस्त पाळली आहे.

माझा नातू सध्या त्या १९६४ च्या आकृतीत गुंतलाय. "आजी, हा जेवतो कुठून?" असं विचारून तो बाण मोजत बसतो. मी त्याला सांगितलं, वहीत लिहून ठेव, आकृती वाचताना असेच प्रश्न पडायला हवेत. त्यावर त्याने स्वतःची आकृती काढली आणि अन्नाची नळी घातली, पार्ट नंबरसकट.

ज्यांना हे वाचायचं असेल त्यांनी जुन्या प्रतींसाठी अडून राहू नये. त्या महाग मिळतात आणि बऱ्याच फाटक्या असतात. साप्ताहिकातली चित्रकथा २०२० साली 'डॉक्टर हू मॅगझिन'ने एकत्र छापली आहे. यार्व्हेलिंगपासून सुरू करा, आणि १९७५ ची कथा त्यानंतरच बघा.